फरशीवरची मासळी

उमेळ्याच्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर एक पापलेट, एक चिंबोरी आणि तीन कोळंब्या होत्या. फुटक्या कपबश्यांच्या कपच्या सिमेंटमध्ये बसवून केलेल्या. पापलेट पांढऱ्या बशीचं, चिंबोरी विटकरी रंगाच्या कौलाच्या तुकड्यांची. पावसाळ्यात ओटा ओला झाला की ही मासळी अगदी आत्ता टोपलीतून काढल्यासारखी चमकायची. लहानपणी आम्ही त्या पापलेटाच्या शेपटीवर पाय न देता पायरी उतरायचा खेळ खेळायचो.

घर पाडायचं ठरलं तेव्हा घरातली सगळी मंडळी जमली होती. सह्या, कागद, वाटण्या झाल्या. चहा पिता पिता कोणीतरी सहज विचारलं, "हे मासे केले कोणी?" आणि वाद सुरू झाला. थोरले काका म्हणाले, गवंडी आला होता, त्याने केले, आजोबांनी त्याला दोन दिवसांची मजुरी जास्त दिली होती. धाकटे काका म्हणाले, छे, आजोबांनी स्वतः केले. आत्या इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खडूने मी काढले होते. गवंड्याने फक्त तुकडे लावले." त्यावर थोरले काका जे हसले ते मला आवडलं नाही. पण खरं काय, हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मला आठवली ती नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयातली मासळी. तीही फरशीवरचीच, तीही तुकड्यांची, आणि ती कोणी केली याचा वाद तर पावणेदोनशे वर्षांहून जास्त चालू आहे. तिथे मी गेलेलो नाही. पण तिचे मोठे, स्पष्ट फोटो मी इतके वेळा पाहिलेत की आता डोळे मिटूनही कुठला मासा कुठे आहे ते सांगू शकेन.

ही फरशी पॉम्पेईची. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडून टाकलेलं ते शहर. तिथलं सगळ्यांत मोठं घर १८३०-३२ या काळात उकरून काढलं गेलं. अंगणात नाचणाऱ्या वनदेवाची, म्हणजे फाउनची, ब्राँझची छोटी मूर्ती सापडली म्हणून त्या घराचं नाव पडलं 'फाउनचं घर'. मालक कोण? सात्रिउस नावाच्या घराण्याचं असावं असा अंदाज आहे, पण खात्री कोणालाच नाही. सुमारे तीन हजार चौरस मीटरचं घर बांधणाऱ्या माणसाचं नाव पुसलं गेलं आणि जेमतेम तीन वीत उंचीच्या नाचऱ्या मूर्तीचं राहिलं. याच घरात ती जगप्रसिद्ध सिकंदराची फरशी सापडली, २४ ऑक्टोबर १८३१ रोजी. आणि याच घराच्या एका जेवणघरात ही मासळी होती.

काळपट पार्श्वभूमीवर वीसहून जास्त जातींचे जलचर आहेत. मधोमध एक ऑक्टोपस, त्याने एका शेवंडाला विळखा घातलाय. बाजूने वाम जातीतला एक लांबलचक मासा तोंड वासून त्यांच्याकडे येतोय. भोवती माकूळ, कोळंबी, मुशी, विजेचा झटका देणारं पाकट, लाल छोटे मासे, शंख. डावीकडे खडक आणि त्यावर चिमुकला खंड्या पक्षी. तुकडे इतके बारीक की काही ठिकाणी दोन-चार मिलिमीटरचेही नाहीत. लांबून पाहिलं तर ब्रशने रंगवलेलं चित्रच वाटतं. बहुतेक अभ्यासकांचं म्हणणंही तेच आहे: आधी कुठेतरी एक चित्र होतं, ही त्याची नक्कल. फरशी इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटाची. म्हणजे ज्वालामुखी फुटला तेव्हा ती मासळी जवळपास दोनशे वर्षं जुनी होती! त्या घरातल्या शेवटच्या माणसांनाही ती कोणी केली हे माहीत असेल का, मला शंका आहे.

नक्कल म्हणायचं कारण असं की ही एकटी नाही. पॉम्पेईतल्याच दुसऱ्या एका घरात जवळजवळ अशीच फरशी निघाली. तोच ऑक्टोपस, तोच शेवंड, तीच वाम. रोमच्या पूर्वेला पालेस्त्रिना गावात एका गुहेत अशाच मासळीची आणखी एक फरशी आहे. मासे थोडे इकडचे तिकडे, पण घराणं एकच. तेव्हा कारागिरांच्या हातात काहीतरी सामाईक होतं, नमुन्यांची वही म्हणा, प्रसिद्ध चित्र म्हणा, किंवा प्राणिशास्त्राच्या ग्रंथातली चित्रं म्हणा. मेबोम नावाच्या डच अभ्यासकाने १९७७ साली या सगळ्या फरशांचा ताळा मांडला, आणि त्यात अलेक्झांड्रियाचा, म्हणजे ग्रीक-इजिप्तचा, धागा शोधला.

प्राणिशास्त्राचा धागा मला फार आवडतो, कारण तो मधल्या झटापटीला लागू पडतो. ऑरिस्टॉटलने आपल्या प्राण्यांवरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की ऑक्टोपस शेवंडाला हरवतो, शेवंड वामेला हरवतो आणि वाम ऑक्टोपसला खाते. कारण काय, तर वाम बुळबुळीत असते, ती ऑक्टोपसच्या पकडीत राहत नाही. पण शेवंडाच्या काटेरी अंगामुळे त्याच्या तावडीतून निसटत नाही. आणि पुढे म्हणतो, एकाच जाळ्यात ऑक्टोपस आलेला दिसला की शेवंड भीतीनेच मरतो. आता हे वाक्य तत्त्वज्ञाच्या अभ्यासिकेतलं आहे का? हे जाळं ओढणाऱ्या माणसाचं वाक्य आहे! ऑरिस्टॉटल काही काळ लेस्बोस बेटावर राहिला होता, तिथल्या खाडीतल्या मासळीची माहिती त्याने मच्छीमारांकडून घेतली हे त्याच्या लिखाणात जागोजागी दिसतं. त्या मच्छीमारांपैकी एकाचंही नाव त्याने दिलेलं नाही.

म्हणजे चित्राच्या गाभ्याशी जी गोष्ट आहे तिचा मूळ कर्ता लेस्बोसचा कोणी नाखवा असणार. त्यावर ऑरिस्टॉटल, त्यावर कोणी चित्रकार, त्यावर नकला करणारे, त्यावर फरशी बसवणारे. आता करा कर्ता कोण ते.

तुकड्यांच्या कामातही एकटा माणूस नसे. अशी बारीक चित्रं जागेवर बसवत नसत. कारखान्यात, दगडाच्या किंवा भाजलेल्या मातीच्या ताटासारख्या पाट्यावर, ती पूर्ण करत आणि मग नेऊन जमिनीत बसवत. मधलं चित्र एकाचं, कडेची नक्षी दुसऱ्याची, आजूबाजूची साधी फरशी तिसऱ्याची. मधलं चित्र तर परदेशात तयार करून जहाजाने आणलेलं असणंही शक्य होतं. त्यामुळे पॉम्पेईत सापडली म्हणून पॉम्पेईची, असं छातीठोक म्हणता येत नाही. मजुरीचाही एक हिशेब आपल्याला मिळतो, जरी तो चारशे वर्षांनंतरचा असला तरी. डायोक्लेशन बादशहाने इ.स. ३०१ मध्ये वस्तूंचे आणि मजुरीचे कमाल दर ठरवून दिले. त्यात चित्राकृती काढणाऱ्याला जेवणासह दिवसाला १५० दिनार, भिंत रंगवणाऱ्याला ७५, बारीक तुकड्यांच्या कामवाल्याला ६० आणि साधी फरशी बसवणाऱ्याला ५०. शेतमजुराला २५. थोडक्यात काय, आमच्या आत्याला १५० आणि गवंड्याला ६०. काकांना हे सांगायला हवं होतं.

पण त्या काळी सही करायची पद्धतच नव्हती, असं मात्र नाही. तसं असतं तर विषय मिटला असता. पॉम्पेईतच, सिसेरोची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हवेलीत, दोन छोट्या फरशांवर 'सामोसच्या डायोस्कुरिडेसने केलं' अशी ग्रीक सही आहे. मॅसिडोनियात पेल्ला गावी हरणाच्या शिकारीच्या फरशीवर ग्नोसिस नावाच्या माणसाने आपलं नाव घातलंय. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने सोसोस या पर्गामनच्या कारागिराचं कौतुक केलंय. त्याने 'न झाडलेली खोली' नावाची फरशी केली होती, जेवण झाल्यावर जमिनीवर पडलेलं उष्टंखरकटं दाखवणारी. ती मूळ फरशी नाहीशी झाली, पण तिची एक रोमन आवृत्ती व्हॅटिकनमध्ये आहे. माशांचे काटे, खेकड्याच्या नांग्या, शिंपले, आणि अक्रोड कुरतडणारा एक उंदीरसुद्धा. तीवर हेराक्लितोस अशी सही आहे. गंमत पाहा, खाऊन टाकलेल्या काट्यांना कर्ता आहे, आणि अख्ख्या मासळीला नाही.

आणि फाउनच्याच घरातली ती सिकंदराची लढाई? त्यावरही सही नाही. ती ज्या मूळ चित्राची नक्कल मानतात ते बहुतेकजण एरेट्रियाच्या फिलोक्सेनोसचं म्हणतात, कारण प्लिनीने त्याच्या अशा एका चित्राचा उल्लेख केलाय. पण इजिप्तमधल्या हेलेना नावाच्या एका बाईने, तिमोनच्या मुलीने, सिकंदराची हीच लढाई रंगवली होती असाही एक जुना उल्लेख आहे. तो बरेचसे लेखक तळटीपेत टाकतात. आत्याचं वाक्य ऐकून हसणारे काका मला इथे पुन्हा आठवले. तिनेच केलं असेल असा माझा दावा नाही, पुरावा खरोखरच तुटपुंजा आहे. पण फिलोक्सेनोसचा तरी कुठे भक्कम आहे?

खाण्याच्या वस्तूंची चित्रं काढणाऱ्यांना तेव्हाही जरा खालचंच समजत. पिराइकोस नावाचा एक ग्रीक चित्रकार न्हाव्यांची दुकानं, चांभारांच्या टपऱ्या, गाढवं आणि खाद्यपदार्थ रंगवायचा. लोकांनी त्याचं नाव 'क्षुद्र वस्तूंचा चित्रकार' असं काहीसं पाडलं होतं. प्लिनीच म्हणतो की त्याची छोटी चित्रं इतरांच्या भल्यामोठ्या चित्रांपेक्षा महाग विकली जात. त्या खाद्यपदार्थांसाठीचा ग्रीक शब्द आहे 'ऑप्सॉन'. भाकरीबरोबर जे खायचं ते, आपलं तोंडीलावणं. हळूहळू तिकडे तोंडीलावणं म्हणजे मासाच, असं समीकरण झालं. आजच्या ग्रीक भाषेतला माशाचा शब्द 'प्सारी' हा त्यातूनच आलेला. आमच्याकडे "आज कालवण काय?" या प्रश्नाला "वांगं" असं उत्तर मिळालं की विचारणाऱ्याचं तोंड का पडतं, हे कोणत्याही ग्रीक माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

एक प्रयोग मी केला. त्या फरशीचा मोठा रंगीत प्रिंट काढून घेतला आणि मी जिच्याकडून मासळी घेतो त्या मावशींना नायगावच्या बाजारात नेऊन दाखवला. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा. त्यांनी तो टोपलीवर पसरला, ओल्या हाताने नाही हं, आधी पदराला हात पुसले. बऱ्याच माशांना त्यांनी आपली नावं दिली. समुद्र वेगळा, जाती वेगळ्या, तरी "हा आपल्या खजुरीच्या घरातला", "ही मुशीच" असं चाललं होतं. मग म्हणाल्या, "भाऊ, हे पाण्यातले मासे नाहीत. हे फळीवर मांडलेत." मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाल्या, सगळे आडवे, एकावर एक कोणी नाही, कोळंबी एवढी मोठी आणि मुशी एवढी लहान. "पाण्यात असं कोण दिसतं? एकेक मासा समोर ठेवून काढलाय. ती मधली मारामारी तेवढी वेगळ्या माणसाची."

मी चाट पडलो. अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहून जे सांगितलंय ते हेच: जिवंत समुद्राचा आव आणलेली ही मांडणी आहे, प्रत्येक मासा एका बाजूने, ओळख पटेल असा, आणि मधला प्रसंग वेगळ्या उगमाचा असावा. प्रिंट परत देताना मावशींनी विचारलं, "कोणी काढलंय?" मी सांगितलं, माहीत नाही. "मग कोणाच्या घरात होतं?" तेही नक्की माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन वाटे बोंबील जास्त घेतले.

आता कोणी म्हणेल, उमेळ्याला बसून पॉम्पेईची उठाठेव कशाला? तर उमेळ्यापासून काही किलोमीटरवर सोपारा आहे. आज नालासोपारा म्हटलं की लोकलची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये 'सौप्पारा' आणि 'कल्लिएना', म्हणजे सोपारा आणि कल्याण, या बंदरांची नावं आहेत. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी गावकरी ज्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत तो टेकाड खणला आणि आतून स्तूप निघाला. अशोकाच्या आठव्या आदेशाचा तुकडाही त्याच वर्षी मिळाला. नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावला.

पॉम्पेईत ती मासळी बसवली गेली साधारण त्याच सुमाराला, इ.स.पू. ११८च्या आसपास, इजिप्तहून युडोक्सस नावाचा ग्रीक दर्यावर्दी भारतात आला. त्याला वाट दाखवली एका हिंदी खलाशाने. तांबड्या समुद्राच्या बाजूला जहाज भरकटून बाकी सगळे मेले आणि हा एकटा अर्धमेला सापडला. त्याला ग्रीक शिकवलं, मग त्याने समुद्राची वाट सांगितली. ही हकीकत स्ट्रॅबोने लिहून ठेवली आहे. युडोक्ससचं नाव, गावाचं नाव, राजाचं नाव, सगळं आहे. खलाशाचं नाव नाही. तो आपल्या किनाऱ्याचा होता असं म्हणायला आधार काही नाही, पण मला तसं वाटून घ्यायला आवडतं.

उलट दिशेनेही वस्तू गेल्या. १९३८ मध्ये पॉम्पेईतच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, सुमारे २४ सेंटिमीटर उंच, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून ती ओळखली जाते, जरी ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असंच बहुतेकांना वाटतं. आधी ती मथुरेकडची म्हणत. मग आपल्या मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला तशाच धर्तीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या, आणि पारडं दख्खनकडे झुकलं. पण तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीत एक अक्षर कोरलंय, आणि खरोष्ठी वायव्येकडची लिपी. तेव्हा पुन्हा घोळ. ते अक्षर 'शि' असं वाचतात. कारागिराची खूण? जोडणीची खूण? एकच अक्षर. ती मूर्ती आणि ती मासळी आज नेपल्सच्या एकाच संग्रहालयात आहेत, दोघी बेवारशी.

आमच्या बाजूला तरी नावं टिकली का? कार्ल्याच्या चैत्यात एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचं नाव कोरलेलं आहे, म्हणजे बौद्ध सूत्रं पाठ म्हणणाऱ्याचं. खांब त्याने दान दिला म्हणून. कार्ल्याला अशी दात्यांची नावं खांबाखांबावर आहेत. पण त्याच लेण्यात दाराजवळ एक वेगळा लेख आहे: धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार केलं. मी कार्ल्याला जातो तेव्हा गाईड लोक दात्यांची आणि राजांची नावं सांगतात, आणि मी सामीच्या दाराशी थोडा वेळ उभा राहतो. एवढ्या अफाट कामात एका सुताराला आपलं आणि बापाचं नाव घालावंसं वाटलं आणि कोणी ते घालू दिलं. बाकीच्यांचं काय झालं असेल? त्यांना वाटलंच नाही, की कोणी विचारलंच नाही?

ओट्याचं सांगायचं राहिलं. पाडकाम सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मी आत्याला घेऊन गेलो. तिला आता खाली बसता येत नाही, तेव्हा खुर्ची ठेवली. मी मुद्दाम काही विचारलं नाही. तिने काठीच्या टोकाने चिंबोरीच्या नांग्या दाखवल्या. एक मोठी, एक लहान. "गवंडी दोन्ही सारख्या करत होता. मी म्हटलं, आमच्या खाडीतल्या चिंबोऱ्यांच्या अशा नसतात. मग त्याने एक उखडली आणि परत लावली." खरंच, लहान नांगीभोवतीचं सिमेंट बाकीच्यापेक्षा वेगळ्या रंगाचं होतं. इतकी वर्षं मी त्यावरून चाललो, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आणि त्याचं नाव काय होतं गं, गवंड्याचं?" मी विचारलं.

तिने बराच वेळ आठवून पाहिलं. तो दुपारचं जेवण आमच्याच पडवीत करायचा, कांदा हाताने फोडायचा, आणि त्याला खारवलेला बांगडा आवडायचा, एवढं तिला आठवलं. नाव काही आठवलं नाही.